रिकामी दाखवलेली जागा

आबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागावून लिहायला हरकत नाही. तुम्ही होतात तेव्हा मी कधी तोंड वर करून बोललो नाही. एकदाच बोललो, तेही फोनवर, आणि त्याचं पुढे येईलच. आज शुक्रवार, इथली सुट्टी. कुवेतमधल्या फरवानियातल्या खोलीत आम्ही तिघं राहतो. एक जण सकाळीच वफ्राला गेलाय, ओळखीच्या शेतावरून भाजी आणायला. दुसरा एसीखाली तोंडावर टॉवेल टाकून घोरतोय. बाहेर उन्हाने रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी ऑफिसातल्या एका रद्द झालेल्या ड्रॉइंगच्या पाठीवर लिहितोय, कारण एवढा मोठा कागद घरात दुसरा नाही आणि मला बरंच बोलायचंय.

तुम्ही मोजणीदार, मी ड्राफ्ट्समन. तुम्ही साखळी ओढत रानोमाळ फिरलात. मी खुर्चीत बसून, न पाहिलेल्या जमिनी कॉम्प्युटरवर काढतो. आमच्या कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या ऑफिसला तिथले ड्राफ्ट्समन परवडत नाहीत, म्हणून तिथल्या गॅसच्या पाइपलाइनचे नकाशे आम्ही इथे कुवेतमध्ये बसून काढतो. लाल माती, लाल खडक, मैलोन्‌मैल काही नाही, असं फोटोत दिसतं. काही नाही म्हणजे आपल्याला दिसत नाही. ती जमीन तिथल्या आदिवासींची, गोरे यायच्या कितीतरी आधीपासूनची. तिथे सरकारचा नियम असा की पाइपलाइन टाकण्याआधी त्या लोकांना बरोबर घेऊन रान पालथं घालायचं, त्यांच्या देवाधर्माच्या, वाडवडिलांच्या जागा नकाशावर घ्यायच्या, आणि मग मंत्र्याची परवानगी मागायची. ऐकायला किती छान! मलाही वाटलं होतं, बघा, शहाणं सरकार कसं असतं ते. डोंबलाचं शहाणं.

तुम्हाला ती राईतली मोजणी आठवत असेल. मी आयटीआय होऊन घरी बसलेलो, बावीस वर्षांचा घोडा, आणि आई रोज ऐकवायची म्हणून तुमच्याबरोबर टेप धरायला यायचो. गावाच्या वरच्या अंगाला सड्याच्या, त्या उघड्या कातळाच्या माळाच्या, कडेला झाडी होती. आपण पोचलो तर गावचे मानकरी, गावकर, आधीच येऊन उभे, डोक्यावर टॉवेल, हात जोडलेले. म्हणाले, "सायबानू, थंय साखळी नुको. राखणदाराची जागा ती." मी विचारलं, "आत काय आसा?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आसा ता आसा." मला हसू आलं. तुम्ही मात्र चपला काढल्यात, उन्हाने तापलेल्या कातळावर अनवाणी उभे राहिलात आणि मला म्हणालात, "भायरसून मोजूक येता." मग चार तास आपण त्या झाडीभोवती खुंट्या मारत फिरलो. सरळ आत शिरलो असतो तर अर्ध्या तासाचं काम. माझ्या पायाला फोड आले आणि मनातल्या मनात मी तुम्हाला आणि त्या राखणदाराला सारख्याच शिव्या घातल्या.

पण मी आत डोकावलो होतो. तुम्ही आणि गावकर पाणी प्यायला बसलात तेवढ्यात. दोन दगड होते, शेंदूर लावलेले, मोडका मातीचा घोडा, आणि एक जुनं झाड. घरी आल्यावर ट्रेसिंग करताना मी ते सगळं हुशारीने आत मांडलं, झाडाची खूण, दगडांची खूण, अगदी नेटकी. तुम्ही जेवून हात पुसत आलात, वाकून पाहिलंत आणि तुमचा चेहराच बदलला. "देवाचो नकाशो काढूक तुका कोणी सांगल्यान? लोकांच्या देवघरात डोकावतस आणि वर कागदार मांडतस?" दाढीचं ब्लेड घेऊन तुम्ही स्वतः बसलात आणि माझी एकेक खूण खरवडून काढलीत. कागद फाटू न देता, इतक्या हलक्या हाताने की मला लाज वाटायला लागली. मग फक्त तुटक रेघ राहिली, आणि आत पांढरं. तिथे तुम्ही एक अक्षरही लिहिलं नाहीत. आत काय आहे ते गाव जाणतं, बाहेरच्याला जाणायचं कारण नाही, एवढंच म्हणालात आणि दिवा बंद करून झोपलात. मला ते फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं, तोच तर घोळ आहे.

त्या पांढऱ्या जागेचं काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. तुम्ही रिटायर झालात, गावातली जाणती माणसं गेली, आणि कचेरीतल्या कुठल्यातरी महाभागाने तुमचा नकाशा उघडून पाहिलं तर आत काहीच नाही. मग ती झाली पोटखराबा, म्हणजे लागवडीला निकामी जमीन. आणि पोटखराब्यावर चिरेखाण द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं? मी तेव्हा इथे नवीन होतो. फोनवर तुम्ही म्हणालात, "थंय खाण सुरू झाली." मग म्हणालात, "नकाशात काय नाय, म्हणतत." तुम्ही कचेरीत तीन खेपा घातल्या होत्यात, प्रत्येक वेळी त्यांनी तुमचाच नकाशा तुमच्यापुढे टाकला होता. आणि मी काय बोललो? "मग कोरी कशाला ठेवलीत? एक ओळ लिहायला काय झालं होतं?" वर हसलोसुद्धा. तुम्ही म्हणालात, आईला देतो फोन. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही, आणि पुढच्या सुट्टीत मी आलो तो तुमच्या दिवसांनाच.

आता माझी अक्कल ऐका. त्या पाइपलाइनच्या वाटेत एक पाणवठा आहे, खडकांच्या कुशीतला. तिथल्या वडीलधाऱ्या बायकांनी सर्व्हेवाल्यांना त्याच्याभोवती चालत नेऊन हद्द दाखवली, आणि आत काय ते सांगितलं नाही. सर्व्हेवाल्याने तरी स्वतःच्या डोळ्यांना दिसलं ते टिपून घेतलं असावं, कारण माझ्याकडे आलेल्या फाइलमध्ये आत नऊ-दहा ठिपके होते. खाली शेरा होता, हे तपशील त्या समाजाच्या विनंतीवरून जाहीर नकाशावर दाखवू नयेत. तो शेरा वाचला आणि आबा, मला तुमचं ब्लेडच दिसलं. मी एकेक ठिपका काढून टाकला. तुटक रेघ तेवढी ठेवली, फार जपून, खडकाच्या प्रत्येक वळणाशी जुळवून. आतली जागा पांढरी सोडली. बाजूला एक टीप टाकायला हवी होती की इथला तपशील मुद्दाम रोखून ठेवला आहे, विचारायचं तर त्या लोकांना विचारा. एक ओळ. ती मी टाकली नाही. विसरलो असं म्हणता येईल, पण विसरलो नव्हतो. तुम्ही लिहिली नव्हतीत म्हणून मीही लिहिली नाही. मला ते सभ्यपणाचं वाटलं. ज्याच्यावरून तुमची टर उडवली, तेच जसंच्या तसं स्वतः केलं, आणि वर छाती फुगवून बसलो.

मग परवानगीच्या आधीची सुनावणी झाली, व्हिडिओवर. मला बसवलं होतं ते स्क्रीनवर नकाशा दाखवायला. शेजारी आमचे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे, माझ्या मुलाच्या वयाचे, मला काका म्हणतात. पलीकडे सरकारी साहेब, इस्त्री केलेला चेहरा, पाच मिनिटांत सात वेळा "तुमच्या भावनांचा आदर आहे" म्हणणारा. आदर म्हणे! आदर असता तर गाडीत बसून तिथवर गेला असता, नुसता खुर्चीतून मान हलवत बसला नसता. आणि एका चौकोनात त्या समाजातल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, मागे पत्र्याची भिंत, बाजूला पंखा. साहेब म्हणाला, सादर केलेल्या नकाशात हद्दीच्या आत कोणतीही नोंद दिसत नाही. बाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला कड दाखवली. आतलं सांगायचा अधिकार माझा नाही, आणि ऐकायचा तुमचा नाही. मी सांगत नाही म्हणजे तिथे काही नाही असं होतं का?" साहेब म्हणाला, "नोंद घेतली आहे." मग बाईंनी विचारलं, हा नकाशा कुणी काढला? मॅनेजर घाईने म्हणाले, आमच्या कुवेतच्या टीमने. बाई म्हणाल्या, "ज्याने काढला त्याने आमची कड बरोबर काढलीय. पाय न टाकता काढलीय."

तेव्हा बोलायचं होतं. ठिपके काय होते ते सांगायची गरजच नव्हती. एवढंच, की साहेब, ही जागा रिकामी नाही, मी शेरा वाचून रिकामी केली आहे, शेरा फाइलमध्ये आहे. दोन वाक्यं. माझं इंग्रजी काही इतकं वाईट नाही. पण मॅनेजरनी टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, हळूच, लहान पोराला गप्प करतात तसा, आणि मी खरंच गप्प बसलो. सुनावणी संपल्यावर त्यांना म्हटलं, "सर, ती जागा रिकामी नाहीये." ते म्हणाले, "मग काका, तुम्ही रिकामी का दाखवलीत?" अगदी गोड आवाजात. मी तुम्हाला जे विचारलं होतं तेच, आणि हसणंही तसंच. मी म्हटलं, शेरा होता. ते म्हणाले, "शेरा दाखवू नका असा होता ना? आपण दाखवलं नाही. आपण नियम पाळला. आता सरकारला काय वाटायचं ते वाटू दे, सरकार काय दूधखुळं आहे?" दूधखुळं नाहीच. ती पांढरी जागा कशामुळे पांढरी आहे हे त्या साहेबालाही कळलं होतं, मॅनेजरनाही, मंत्र्यालाही कुणीतरी सांगितलंच असेल. असल्या लोकांना खोटं बोलावंच लागत नाही. दुसऱ्याने सभ्यपणाने सोडलेली जागा हेरायची आणि तिच्यावर शिक्का मारायचा, यालाच ते कारभार म्हणतात. आणि त्यांच्यासाठी ती जागा सोडायला माझ्यासारखे बावळट लागतात.

मंजुरी या सोमवारी आली. चार पानी कागद. पहिल्या तीन पानांवर त्या समाजाच्या संस्कृतीचं गुणगान, इतकं की वाचून अंगावर काटा यावा, आणि चौथ्या पानावर सांगितलं होतं की हद्दीत नोंदवलेलं काही नसल्यामुळे कामाला संमती देण्यात येते. मॅनेजरनी मिठाई मागवली, सगळ्या मजल्याला बोलावलं. शेवटचं ड्रॉइंग माझ्यापुढे आलं. त्यात पाइपलाइन आणि तिच्या बाजूचा रस्ता माझ्या तुटक रेघेतून सरळ आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडला होता. खाली 'तपासणारा' म्हणून एक चौकट असते, तिथे माझी सही लागते. त्या सहीशिवाय ड्रॉइंग बाहेर जात नाही. मी नाही म्हटलं असतं तर सगळं थांबलं असतं असं नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घेतली असती. पण मी का केली नाही याचं कारण दुसऱ्याला विचारावं लागलं असतं, कारण कागदावर आलं असतं, आणि त्या बाईंच्या माणसांच्या हाती काहीतरी लागलं असतं. हरकत घ्यायची मुदत अजून आहे. पुढचा आठवडाभर आहे. फाइल माझ्या कॉम्प्युटरवर आहे, शेऱ्यासकट. त्या समाजाच्या ऑफिसचा पत्ता त्याच फाइलमध्ये आहे.

सही केली, आबा. खोलीतल्या दोघांना सांगितलं की इकाम्याची, इथे राहायच्या परवान्याची, भीती होती, या वयात नोकरी गेली तर रहिवास गेला आणि चंबूगबाळं उचलून घरी. त्यांनी मान डोलावली, इथे हे कारण कुणालाही पटतं. तुम्हाला मात्र तेच सांगायचं म्हणजे तुमच्या तोंडावर खोटं बोलणं. इकामा त्या वेळी डोक्यातही नव्हता. मॅनेजर सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काकांच्या स्वच्छ ड्रॉइंगमुळे हे झालं," आणि मजल्यावरची सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. म्हणून केली.