विहिरीतल्या शब्दाचे तुकडे

याकिमा, ४ सप्टेंबर १९८७

ती. आल्मीताईस, भटक्या रॉस्कोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सफरचंदांच्या बागेत मिळालं. इथल्या मुकादमाचा कुत्रा सफरचंदं खातो आणि बिया थुंकतो. पण ते राहू दे. कारखान्याच्या सांडपाण्यावरच्या सरकारी सुनावणीत तू विहिरीला गोडसर वास येतो म्हणालीस आणि साहेबांनी नुसती वासाची तक्रार म्हणून निकालात काढली, हे वाचून डोकं फिरलं. रसायनाचं नाव घेतल्याशिवाय पाणी तपासणार नाहीत म्हणे! असलं लांबलचक नाव घ्यायला आपल्या खोऱ्यातलं कुणी तोंडच उघडणार नाही, याची त्यांना खात्री आहे.

अगं, कारखाना यंत्रांचं ग्रीस धुवायला वापरतो ते ट्रायक्लोरोएथिलीन म्हणजे नुसती मालगाडी आहे. डबे सोडव. मजुरांच्या पोरांना शिकवणाऱ्या बाई हनुवटीखाली हात धरायला सांगतात. हनुवटी हाताला टेकली की एक तुकडा. ट्राय-क्लो-रो-एथ-इ-लीन. ट्राय म्हणजे तीन. क्लोरो म्हणजे पोहण्याच्या तलावात घालतात ते क्लोरीन. आणि एथिलीन नावाच्या वायूनं म्हणे सफरचंदं पिकतात! हे ऐकून मी अर्धा दिवस झाडाकडेच बघत बसलो, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या.

पुन्हा जा. गप्प बसलीस तर मी तुझा भाऊ नाही. लोभ आहेच, चिडलीस तरी चालेल.

तुझा,
रॉस्को

घर, वेस्ट व्हर्जिनिया, २७ सप्टेंबर

चि. रॉस्कोस, आल्मीताईचे अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

हनुवटीचं जमेना. आरशात रवंथ करणारी गाय दिसायला लागली. मग शब्द पायांत घातला. शनिवारी फळीवर टाचा वाजवत नाचतो ना, तसा एका टाचेला एक तुकडा. तुझे भावजी म्हणाले, बाईला वेड लागलं, पण तालात लागलं.

सुनावणीत 'क्लो'वरच जीभ अडकली. अध्यक्ष म्हणाले, बाई, नुसतं रसायन म्हणा, वेळ वाचेल. मी म्हटलं, वेळ तुमचा वाचेल, पाणी माझी पोरं पितात. वेळ संपल्याची घंटा वाजली. मी बसले नाही. टाचा आपटत अख्खा शब्द म्हटला. मागून सगळं खोरं टाचा वाजवायला लागलं. कारकुनानं तो लिहून घेतला तेव्हाच मी जागेवरून हलले.

तर आता म्हणतात, तक्रार एका घराची, म्हणून एकच विहीर तपासू. बरं! सध्या घरोघरी फळ्या वाजताहेत. पुढच्या सुनावणीला प्रत्येक घर आपापल्या विहिरीसाठी तोच शब्द म्हणणार. पेगीमावशीला दात नाहीत, तरी तीसुद्धा.

वेळेवर जेवत जा. माया आहे म्हणून दटावते.

आल्मी

याकिमा, ६ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न.

बाग सोडली, उद्या बसनं निघतो. बोलणाऱ्यांत माझंही नाव दे. हा इथे राहत नाही, अशी हरकत घेतील. सांग त्यांना, पत्ता नसेल माझा, पण अठरा वर्षं तेच पाणी प्यायलोय. ते अजून माझ्या अंगात आहे. तपासायचं तर मलाही तपासा.

दार उघडं ठेव, लोभ असतोच.

रॉस्को