अंगात येणाऱ्याची बायको

चौबे कॉलोनी, रायपूर
श्रावण सोमवार, २२ ऑगस्ट २००५

ती. अंजनाताईंना विनोदिनीचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. अनंतरावांच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. इकडे पाऊस ठीक. राजधानी झाल्यापासून रस्ते कायमचे खणलेले, तेलीबांध्याकडे रिक्षावाला जायलाच मागत नाही. तुमच्या भाचीची, क्षमाची सहामाही जवळ आली. सध्या डाव्या हाताने लिहायचा सराव करून राहिली आहे. हुशार पोट्टी, जमवेल. पोस्टकार्डात मावणार नव्हतं म्हणून आंतर्देशीय आणलं आणि अक्षर बारीक काढलं. चष्मा लावून वाचा.

तुम्ही लिहिता, "निरंजनले महालक्ष्मीच्या आधी घरी आण. जोडप्याशिवाय महालक्ष्मी बसत नाही. भनपुरीच्या त्या केंद्रात, दारुड्यांच्यात माझा भाऊ शोभते का?"

शोभतात, ताई. छान शोभतात. मी रविवारी बघून आले. आधी तिथल्या स्वयंपाक्याला ते "तूच माझा देव" म्हणाले, आणि चार दिवसांनी त्याच्याच अंगावर वरणाची वाटी फेकली. म्हणजे अगदी घरच्यासारखं वाटतंय त्यांना. काळजी नसावी.

लग्नानंतरची पहिली महालक्ष्मी तुम्हाला आठवत असेल. विसर्जन झाल्यावर दोन दिवस माहेरी जाते एवढंच मी म्हटलं होतं. तुमचे भाऊ थरथरायला लागले, डोळे फिरवले, ताट भिंतीवर. मी कोपऱ्यात. तुम्ही कुंकवाची कोयरी घेऊन धावत आलात. "काहून भिऊन राहिली ओ? वारं आहे ते. देवी आली. पाया पड!" मी पडले. पाया पडताना मोहाच्या दारूचा भपकारा आला. देवीला मोहाची चालते हे मला तेव्हा कळलं.

तेव्हापासून या घरात देवी फार सोयीची झाली. मला बाजारातून यायला उशीर झाला की येते. मी भावाशी फोनवर हसले की येते. ऑफिसात साहेबांनी खडसावलं की संध्याकाळी येते; साहेबांच्या समोर मात्र एकदाही आली नाही. ती गेली की हे माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडणार, "तुझ्याशिवाय माझं कोणी नाही." दुसऱ्या दिवशी मीच सात जन्माची वैरीण. मी आपली नारळ ओवाळून फोडत राहिले. त्याच नारळाची चटणी केली. वाया कशाला घालवायचं?

केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी या देवीचं नाव सांगितलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी. मी मॅट्रिक, दोनदा विचारून लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, अशा माणसाला आपल्याला सोडून जातील याचं भय असतं. नाटक नसतं, भय खरं असतं. वर दारू म्हणजे आगीत रॉकेल. इलाज आहे, पण वेळ लागतो, आणि तो ज्याचा त्याने घ्यायचा असतो. "आप उनकी दवा नहीं हैं," म्हणाल्या. ऐकून दया आली, खोटं कशाला बोलू? रिक्षा घराशी येईपर्यंत टिकलीही.

तुम्ही लिहिता, माझ्या सेवेत खोट असेल. असेल. पण क्षमाच्या सेवेत काय खोट होती?

तिचा उजवा हात काहून बंद आहे ते मी तुम्हाला अजून सांगितलंच नाही. विळीवर कापलं असं शाळेत सांगितलंय, शेजारीही तेच. आईच्या वर्षश्राद्धाला मला एका दिवसासाठी दुर्गला जायचं होतं. पिशवी भरलेली. हे ब्लेड घेऊन दारात बसले. "तू गेली तर मी मरतो." हे वाक्य मी इतकं ऐकलंय, ताई, की मी चपला घालत राहिले. क्षमा धावली. तिने ते ब्लेड मुठीत धरलं.

यांना एक ओरखडा नाही. तिचा हात धुताना रडले मात्र भरपूर. "माझी माय, माझी लक्ष्मी." समोरच्या बाईंनी डोकावून विचारलं, "क्या हुआ दीदी, देवी आई क्या?" तुमची शिकवण बघा कुठवर पोचली.

परवा तुमचं पत्र क्षमाने वाचलं. वाचते मराठी, उत्तर हिंदीत देते. म्हणाली, "मम्मी, पापा आ रहे हैं तो पहले बता देना. मैं चाकू-ब्लेड सब हटा दूँगी." रडली नाही, चिडली नाही. सणाच्या आधी घर आवरायचं म्हणावं तसं म्हणाली.

तेव्हा हे घरी येणार नाहीत. यांना मी नेणार नाही, अशी केंद्राच्या कागदावर सही करून आले. तिथून सुटले की तुम्ही त्यांना यवतमाळला न्या. इलाज करतो म्हणाले तर गोळ्या वेळेवर द्या, बाटली दिसेल तिथे ओता. वारं आलंच तर कोयरी तुमच्याजवळ आहे.

महालक्ष्मी मी बसवणार. मुखवटे तुमच्या आईनेच माझ्या ओटीत घातलेत. दरवर्षी मी मुखवटे घेऊन उंबऱ्याबाहेर उभी राहते आणि हे आतून विचारतात, "कोण आलं?" गेल्या वर्षी आत पिऊन पडले होते. विचारलं मीच, उत्तर दिलं मीच. देवी तरी आली. यंदा आतून क्षमा विचारेल. तिला सांगून ठेवलंय, कोण आलं ते विचारल्याशिवाय या घराचं दार आता उघडायचं नाही. सणालाही, आणि एरवीही.

पुरणाचं ताट भनपुरीला पाठवीन. त्यांना पुरणावर वाटीभर तूप लागतं. घालीन. माया म्हणून नव्हे, सणाचं ताट कोरडं जाऊ नये म्हणून. लोणी आजच कढवलं.

तुम्ही सणाला या. दारात आलात की आतून विचारू. नाव सांगा. एकट्या असाल तर दार उघडेल.

कुंकू अजून तुमच्याच घरचं लावणारी,
विनोदिनी