सर्व्हेअर येईपर्यंत फडके लपवावे

मी, खाली सही करणारी, नदीला लागून असलेल्या दुमजली घराची मालकीण, धंद्याने वेताच्या खुर्च्या विणणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, राजीखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, आणि ते मला तपासत असताना त्यांच्या खुर्चीची वीण कुठे सैल झाली आहे, हे मी त्यांना दाखवून दिले.

कलम एक. विणकामाची सगळी हत्यारे आणि वेत भिजवायचे टब माझ्या मुलाला द्यावेत. तो त्यांना हात लावणार नाही, हे मला माहीत आहे. तरी द्यावेत. बँकेतली ठेवही त्याचीच. मात्र तिच्या व्याजातून आधी या घराच्या पुराच्या विम्याचा हप्ता भरावा, मग उरेल ते त्याने खुशाल उडवावे.

कलम दोन. हे घर मी स्वतःच्या कमाईने घेतले आहे. मुलगा गेल्या खेपेस म्हणाला, "आई, नदी उशाशी घेऊन कोण झोपतं? तुझ्यानंतर विकून टाकू." पोर मनाने वाईट नाही, फक्त भित्रे आहे. पण हे माझ्या नणंदेने ऐकले. माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण. मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते. त्या मला वहिनी म्हणून अगंतुगं करतात. नवरा गेला तेव्हा मुलगा रांगत होता. मी खुर्च्या विणल्या आणि वन्संनी त्याला वाढवले. आता त्या गुपचूप कपड्यांचे गाठोडे बांधून भाड्याच्या खोलीची चौकशी करत फिरतात. मला कळत नाही असे त्यांना वाटते.

म्हणून हे घर मी वन्संना पूर्ण मालकी हक्काने देते. त्यांनी त्यात राहावे, विकावे किंवा छपरावर भोपळे लावावेत, कोणी चकार शब्द काढू नये.

कलम तीन, आणि हे मुलाने दोनदा वाचावे. घराचा साधा विमा आहे म्हणजे पुराचाही आहे, असे तू समजतोस. नळ फुटला तर तो विमा कामाचा. नदी आत आली तर पुराचे संरक्षण वेगळे मागून घ्यावे लागते. भिंतींचा विमा निराळा, आतल्या सामानाचा निराळा. रक्कम ठरवताना घर कितीला विकले जाईल हे बघू नये, पुन्हा बांधायला किती लागेल ते बघावे. आभाळ भरून आल्यावर विमा घ्यायला धावू नये, कारण तो लागू व्हायला दिवस जावे लागतात. पॉलिसी माझ्या नावावर आहे. मी गेल्यावर, रडत रडत का होईना, विमा कचेरीत जाऊन ती वन्संच्या नावावर करून घे.

कलम चार. जुना हिशेब. मागच्या पुरानंतर मी डोके धरून बसले होते, तेवढ्यात वन्संनी पदर खोचला. नुकसान पाहायला विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तोवर फरशी आरशासारखी, भिंती धुतलेल्या, भिजलेल्या गाद्या कचरागाडीत गेलेल्या. तो बिचारा दारातच थबकला. "पूर याच घरात आला होता ना?" वन्सं ताठ मानेने म्हणाल्या, "आमच्याकडे घाण ठेवायची पद्धत नाही." जड कपाटामागे त्यांचा हात पोचला नव्हता, तिथली चिखलाची रेघ पाहून भिंतींचे पैसे मिळाले. गाद्यांचे मात्र पाण्यात गेले. आम्ही आठवडाभर सतरंजीवर झोपलो आणि हसून हसून आमची पोटे दुखली. म्हणून आदेश असा: पुन्हा पाणी शिरले तर आधी फोटो काढावेत, कचेरीला कळवावे, काहीही फेकू नये, आणि पाहणी होईपर्यंत वन्संपासून फडके लपवावे.

सही करण्यापूर्वी घडले ते इथेच नोंदवते. वकील साक्षीदारांना घेऊन आले, तशा वन्सं चष्मा लावून, पेन घेऊन पुढे बसल्या. वकिलांनी त्यांना थांबवले.

"वहिनी, जन्म काढला या घरात, आणि सहीला बाहेरची माणसं?"

वकील म्हणाले, "ज्याला काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये."

"मला काय मिळणार?"

मी म्हटले, "वन्सं, तुम्ही बसलाय ती खोली. आणि तिच्या आजूबाजूच्या सगळ्या."

वन्संनी चष्मा काढून पदराला पुसला. मग त्यांनी पेन माझ्या हातात ठेवले आणि माझा उजवा हात काही सोडला नाही. म्हणाल्या, "मग तू मरायची घाई करू नकोस."

ही अट मला मान्य आहे. उजवा हात अजून वन्संच्या मुठीत आहे, म्हणून डाव्या हाताने सही करते.

सही: घरमालकीण
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर २. कोपऱ्यावरचे बेकरीवाले
स्थळ: याच घरातली वरची खोली
दिनांक: नऊ मार्च, शुक्रवार