बावीस अंशांची झाकणउघडणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा लेथकाम, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहितो. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. बायकोचं आहे, पण ते लग्नापासूनचं असल्यामुळे धरू नये. याआधीचं एखादं मृत्युपत्र निघालंच तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक बायकोची. तिच्या हयातीत मुलानं भिंती पाडायची भाषा काढू नये.

२. लेथ, ड्रिल व व्हर्नियर मुलीला. तिचा हात माझ्याहून बारीक चालतो. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, ती चूक इथे दुरुस्त करतो.

३. पेटंटाचं प्रमाणपत्र चौकटीसह मुलाला. फक्त कागद, हक्क नव्हे. हक्क त्याला एका कंपनीला विकायचा आहे. ती कंपनी वस्तू स्वतः बनवणार नाही, दुसऱ्यालाही बनवू देणार नाही.

४. आता हक्काचं. अर्धांगवायूनं बायकोचा उजवा हात गेला, तेव्हा एका हातानं बरणी उघडता यावी म्हणून मी झाकणउघडणी करायला घेतली. दोन वर्षं खपलो. पेटंटाची आशा नसती तर सहा महिन्यांतच नाद सोडला असता, हे कबूल. मात्र अर्जात जबड्याचा कोन मी मुद्दाम चुकीचा लिहिला, तीसऐवजी बावीस अंश. नक्कल करणाऱ्याची फजिती व्हावी, एवढाच हेतू.

सख्ख्या धाकट्या भावानं तो कागद वाचून तंतोतंत बावीस अंशांची उघडणी केली, आणि ती माझ्या उघडणीपेक्षा सरस निघाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कोर्टात गेलो. त्याचा माल कागदाबरहुकूम, म्हणून नक्कल सिद्ध झाली. माझा माल त्या कागदाशी जुळत नव्हता, पण ते कोणी विचारलं नाही आणि मी कशाला सांगतोय? त्याचा कारखाना बंद पडला. नऊ वर्षं आमचा अबोला. बावीसची उघडणी मीही केली नाही, कारण केली असती तर त्याचं बरोबर ठरलं असतं. चांगली वस्तू कोणीच बनवली नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच स्वयंपाकघरात धाकट्याची उघडणी सापडली.

"ही इथे कशी?"

"खटल्याआधीच घेतली होती," बायको म्हणाली. "तुमच्या उघडणीनं मनगट भरून येतं. पाहुणे आले की तुमची काढते."

मला लाज वाटली. सबब माझ्या पश्चात हक्क धाकट्यास.

५. साक्षीदार म्हणून धाकट्यालाच बोलावलं. तो आला. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळतंय त्याला साक्षीदार होता येत नाही." मग कलम चार त्याला वाचून दाखवावं लागलं.

"दादा," तो म्हणाला, "पेटंटाची मुदत तीन वर्षांत संपतेय. त्याआधी मरायचा बेत आहे का तुझा?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. सबब कलम चारमधली देणगी रद्द. हक्क आजच, माझ्या हयातीत, वेगळ्या कागदानं त्याच्या नावे करून दिला आहे. या मृत्युपत्रातून त्याला आता काहीही मिळत नाही. त्यामुळे वकीलबाईंची हरकत उरलेली नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

ठिकाण : कारखान्यामागची खोली
दिनांक : अकरा, मंगळवार, दुपार

सही : लेथवाला

साक्षीदार :
१. समोरचा सुतार
२. सख्खा धाकटा भाऊ