धक्क्याजवळचं पाणी निवळलं

प्रिय मुतलक,

पत्राला फार उशीर झाला, मनावर घेऊ नकोस. रोज लिहायला बसतो, तेवढ्यात तुझी आई चहा घेऊन येते आणि मी कागद गादीखाली सरकवतो. फोन केला असता, पण या घरात फोनवरचं बोलणं आधी तिला ऐकू जातं. इर्बिदला आता थंडी पडली असेल. दुकानात शेगडी पेटती ठेवून झोपू नकोस, खिडकी जराशी उघडी ठेव. खोकला गेला का? मला नाही नाही ते सुचतं, म्हणून विचारतो.

इकडे अकाबात पर्यटकांच्या जहाजांचा मोसम सुरू झालाय. इमारतीएवढी जहाजं सकाळी लागतात आणि दुपारी निघून जातात. आपली काचेच्या तळाची बोट अजून चालते. काच मीच पुसतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. गिऱ्हाइकं अजून अबू शादीच आणून देतो, आणि त्याची जीभ होती तशीच आहे. मागच्या आठवड्यात त्याने एका जहाजावरची चार-पाच माणसं आणली. त्यातल्या बाईने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पाणी इतकं नितळ की होडी हवेत तरंगतेय असं वाटावं. तिला तसलंच निळं पाणी पाहिजे होतं. मी म्हटलं, तसलं पाणी दक्षिणेला प्रवाळांवर, जाऊन येईपर्यंत यांचं जहाज सुटेल. अबू शादी माझ्याकडे बघून ओरडला, "अरे अबू मुतलक, एवढ्या लांबून निळं पाणी बघायला आलेत बिचारे. नसेल तर बादलीभर नीळ ओत आणि दाखव!" सगळे नावाडी हसले. मग तोच म्हणाला, "फॉस्फेटच्या जुन्या धक्क्यापाशी ने की. अजून तिकडे कुणी फिरकत नाही, पण काल मी गळ टाकला तर तळाचे खडे दिसले."

माझा विश्वास बसला नाही. आपल्या आठवणीत तिथलं पाणी ताकासारखं. धक्क्यावर पांढरी धूळ उडायची, तुझी आई वाळलेले कपडे पुन्हा धुवायची. तू आणि हमूद तिथून पोहून आलात की केस पिठात बुडवल्यासारखे दिसायचे. हमूद आरशात बघून म्हणायचा, "बाबा, बघा, मी तुमच्याएवढा झालो." धक्का दुसरीकडे नेला तरी मला वाटायचं, ती धूळ तळाशी बसून असेल आणि जरा ढवळलं की वर येईल.

हमूद माशांचे सापळे उचलायला गेला त्या संध्याकाळचा वारा तुला आठवतो? उत्तरेचाच होता, नेहमीचा. सापळे दक्षिणेला, वारा दक्षिणेकडे नेणारा, म्हणून सगळ्या कोळ्यांनी सौदीच्या हद्दीपर्यंत दक्षिणच धुंडाळली. तू कानातून रक्त येईपर्यंत बुड्या मारल्यास. मग बुड्या मारायचं सामान विकलंस आणि इर्बिदला गेलास. तुला बोल लावत नाही मी. तुझ्या आईने मात्र दारात दुखवट्याचा मांडव घालू दिला नाही. मौलवी आले, तुझे मामा आले, तिने सगळ्यांना एकच सांगितलं, "मांडव मेलेल्यासाठी घालतात. माझा पोरगा खाडीपलीकडे मिसरच्या किनाऱ्याला लागला असेल, कागद नाहीत म्हणून कुठल्यातरी तुरुंगात पडलाय." आजही ईदला त्याच्यासाठी सदरा घेते, एक माप मोठा. म्हणते, बसून बसून माणूस जाड होतो.

तर मी त्या लोकांना धक्क्यापाशी नेलं. पाणी खरंच निवळलंय, मुतलक. इतकं निळं पाणी मी दक्षिणेलाही बघितलेलं नाही. ती बाई टाळ्या वाजवायला लागली. मासे यावेत म्हणून मी पावाचे तुकडे टाकत होतो. मग तिने काचेवर बोट ठेवलं. खाली एक होडी होती, एका कुशीवर कललेली. सगळे खूश झाले, वाकून वाकून फोटो काढायला लागले. त्यांना वाटलं, जुन्या काळातलं काही असेल.

होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, चहाचा ट्रे ठोकलेला होता. आपला, गुलाबांचा. होडी खडकाला घासली तेव्हा हमूदने तो ठिगळ म्हणून ठोकला होता, आणि तुझी आई चप्पल घेऊन त्याच्यामागे धावली होती, "आता पाहुण्यांना चहा काय तुझ्या टाळूवर ठेवून देऊ?" गुलाबांचा लाल रंग गेलाय, पण पाकळ्या उठलेल्या आहेत, त्या दिसतात. सापळे होडीतच आहेत, एकावर एक रचलेले. म्हणजे त्याने ते उचलले होते. काम संपवून तो परत येत होता. रात्री वारा उलटून घराकडे नेणारा झाला होता, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं, तरी संध्याकाळचा वारा त्याला कुठे नेईल तिथेच आपण शोधलं. घराच्या वाटेवर कुणी बघितलं नाही. होडीचं तोंड किनाऱ्याकडे आहे. वर बघितलं तर आपली गल्ली दिसते तिथून, मशिदीच्या मागची.

मी पाव टाकतच राहिलो. हात थांबेना. परत आल्यावर अबू शादी म्हणाला, "काय झालं रे, चेहरा पडलाय," मी म्हटलं ऊन लागलं.

आता तुला का लिहितोय ते ऐक. महिनाअखेरीला तिथे क्रेन येणार आहे. जहाजांसाठी तळ साफ करणार आहेत, जे असेल ते उचलून ढिगावर टाकणार. होडीच्या नाळेजवळची ती छोटी फळ्यांची खोली, थंडीत तो जिच्यात शिरून बसायचा, तिचं दार बंद आहे. आत काय आहे ते काचेतून दिसत नाही. तटरक्षकांना सांगितलं तर दुपारपर्यंत सगळा बाजार बोलेल, आणि तुझ्या आईला ते भाजीवाल्याकडून कळेल. तसं मला नको आहे. परक्या माणसाने ते दार उघडावं असंही नको आहे. तू ये. सामान कुणाकडून तरी मागून आण. तू खाली जा, मी वर बोट धरून बसेन. तो आत असेल तर आपण दोघं तिला सांगू आणि मी स्वतः मांडव घालीन. नसेल तर मला काही सुचत नाही, मग तिला सदरे घेऊ देत. हे पत्र घेऊन येणारा ट्रकवाला शुक्रवारी परत निघतो. त्याच्याजवळ जास्त काही लिहून देऊ नकोस, येतो एवढंच कळव. पण लवकर कळव, बाळा.

तुझाच,
बाबा