पक्कड परत आणून द्यायची

ओवी,

तुझी टॅक्सी दहाला येईल, तोवर मी थांबत नाही. माहीमला चिंतामणीकाकाकडे नळ बसवायला जातोय. तो उद्याही बसला असता, हे आईला सांगू नकोस. तिला माहीत आहे.

बंगळुरूच्या खोलीसाठी तू मागवलेलं टूलकिट सकाळी उघडून बघितलं. एका डब्यात म्हणे एकशे आठ वस्तू! त्यातल्या सहा-सात कामाच्या. टेप चांगला आहे, छोटे स्क्रूड्रायव्हरही चालतील. हातोडीने बदाम फोड. पक्कड मात्र मी काढून टाकली, तिचे दात एकमेकांना टेकतच नाहीत. तिकडे एकटी असणार तू, हात सटकला तर कोण बघणार?

तिच्या जागी माझी ठेवलीय. ती जाड, डबा लागेना, म्हणून आतलं प्लॅस्टिक कापलं. रागावू नकोस.

पक्कडीवर माझं नाव ठोकलेलं दिसेल. आमच्या डिलाईल रोडच्या वर्कशॉपात प्रत्येक फिटर आपल्या हत्यारावर नाव ठोकायचा. मागून नेलेलं हत्यार ज्याने नेलं त्यानेच आणून द्यायचं, दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही, असा तिथला नियम. तीस वर्षं मी तो पाळला.

तेव्हा पक्कड तुला देऊन टाकलेली नाही, फक्त वापरायला दिलीय. कुरिअर चालणार नाही. गणपतीला स्वतः घेऊन ये.

बाबा