एका श्वासाची ओवी

इंदापूर, ४ जानेवारी १९३७
तीन दिवसांनी दमा उतरला. धोतऱ्याच्या पानांचा धूर घेऊन घसा सोलून निघाला आहे. पडल्या पडल्या एक ओवी झाली. नियम तोच: ओळ एका श्वासात म्हणता आली पाहिजे, नाहीतर खोडायची.

पाहुणा आला दमा, त्याला पाट मी मांडते
ऊठ म्हणता उठेना, त्याच्याशी गं भांडते

पिठाची धूळ सोसत नाही म्हणून मी दळत नाही. शेळगावची रखमाबाई येऊन दळते. तिला उंबऱ्यापाशी बसून वाचून दाखवली. "ताई, वाचून काय कळतंय? जात्यावर म्हनून बगते." तिने म्हटली. लयीत बसली नीट! दादा शाळेत मास्तर; लेकीला त्यांनी घरी पाटीवर शिकवलं, त्याचं आज सार्थक वाटलं. गर्व झाला. होऊ नये.

११ जानेवारी
बारामतीचे लोक बघून गेले. मुलगा शाळामास्तर. आई आधीच म्हणाली, "खोकला आला तर थंडीचा म्हण." आला नाही. कुणी विचारलंही नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे खोटं का? दादा म्हणतात, पुढे पत्रात कळवू.

१९ जानेवारी
होकार आला. आईने साखर वाटली. दादांनी पत्र लिहिलेलं नाही. मी लिहायला बसले, मुलाच्या वडिलांना, "ती. रा. रा." या मायन्यापर्यंत आले आणि फाडलं. मुलीने लिहायचं असतं का?

२८ जानेवारी
त्यांच्यातल्या एकीला कळलं. मुलाची मावशी इथेच, दोन गल्ल्या पलीकडे. आमच्याच लग्नाच्या हळदीचं जातं तिच्याकडे मांडलं, दळायला रखमाबाई. तिने म्हटली माझी ओवी! मावशींनी विचारलं कुणाची, तर ही ऐटीत, "मास्तरांच्या ताईंची. सोताच्या दम्यावर केलीया!"
आई तिच्यावर इतकी ओरडली. रखमाबाई शांत. "म्या काय चोरी केली, बाई? व्हवी म्हनायलाच असती. त्या तर म्हनल्या, पुन्यांदा म्हन."
खरं लिहिते: "पुन्यांदा म्हन" ऐकून आधी आनंद झाला. भीती मागून आली.

३० जानेवारी
उद्या मावशी येणार. आईचा तोडगा: "दमा म्हणजे संसार, देवाची ओवी आहे म्हणून सांग." दादांना हसू आवरेना. मी म्हटलं, नाही सांगणार. आई रडली. तिचं चुकतं असंही नाही, तिला मला उजवायचं आहे. दादा इतकंच म्हणाले, "तिला काय सांगायचं ते सांगू दे."

३१ जानेवारी
मावशी आल्या. चहा घेतला नाही. विचारलं, "धूर घेतेस का?" म्हटलं, होय. "महिन्यातून किती दिवस?" चारपाच. थंडीत जास्त. उठताना म्हणाल्या, "मी त्याला काही सांगणार नाही. तूच लिही."
लिहिलं. मायना एक ओळ. मग सगळं: किती दिवस पडते, दळण-कांडण होणार नाही, एरवी स्वयंपाक, धुणं, शिवण करते. बरी होईन असं लिहिलं होतं, ते खोडलं. मला माहीत नाही. खाली ती ओवी. दादांनी स्वतः टपालाच्या पेटीत टाकलं.

९ फेब्रुवारी
टपालवाला पुढे गेला. आज नववा दिवस. आई बोलते, पण भाजीचंच. सकाळी पायऱ्या चढून माळवदावर वाळवण घालायला गेले, दोनदा बसावं लागलं. वाळवण घातलं.

तिसरीवर बसते मी, पाचवीवर बसते
वरच्या पायरीला ठाऊक, मी येणारच असते

दुसरी ओळ श्वासात मावली, जेमतेम. रखमाबाईने ओवी मागितली. या वेळी बिचकत विचारते, "ही कुठं म्हनू नगं का, ताई?"
मी सांगितलं, म्हण. कुठंही म्हण. बारामतीच्या जात्यावर बोलावलं तर तिथंही.